फाटक्या खांद्याची जर्सी

१

चार वाजता नितेशने लाल पडदा ओढला, आणि काचेच्या चौकटीत नुसता पांढरा पुठ्ठा दिसला.

मागच्या रांगांतल्या लोकांना काही कळलं नाही, ते टाळ्या वाजवतच राहिले. पुढच्या रांगेत मात्र कुणाचा हात हलेना. मग हळूहळू सगळा हॉल गप्प झाला. मोबाइलच्या पडद्यावर कुवेतहून अर्शद विचारत होता, "काय झालं? मला दिसत नाय, कॅमेरा जवळ घ्या ना!"

त्या चौकटीत भूमिका घरतची निळी जर्सी असायला हवी होती. अकरा नंबरची.

भूमिका पेणजवळच्या जिते गावची. सात वर्षांपूर्वी रोह्याच्या मैदानावर राज्य कबड्डीचा अंतिम सामना झाला, तेव्हा शेवटच्या चढाईत तिने तिघींना बाद करून कप आणला. पहिल्या अर्ध्यात तिचा खांदा धरून कुणीतरी ओढलं होतं आणि जर्सी टरकन फाटली होती. तीच फाटकी जर्सी कशीबशी शिवून ती पुन्हा उतरली, ही गोष्ट पेण-रोह्यात ठाऊक नसलेला माणूस सापडणं कठीण. पुढच्या वर्षी तिचा गुडघा गेला आणि खेळ संपला. तिचे चाहते मात्र थांबले नाहीत. पेणचा फॅन क्लब म्हणे, ताई आमच्या तालुक्यातली. रोह्याचा क्लब म्हणे, ताईला ताई आमच्या मैदानाने केली. इन्स्टाग्रामवर दोघांची रोज जुंपायची.

मग फेब्रुवारीत खाडीच्या तोंडाशी तेल वाहणारी एक बार्ज फुटली. काळं जाडं तेल भरतीबरोबर आत आलं, तिवरांच्या मुळांना चिकटलं आणि भालखार गावाची जाळी, होड्या, खेकड्यांची बिळं सगळं बुजवून गेलं. भरपाईचा अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिला. तेव्हा दोन्ही क्लब पहिल्यांदा एका ग्रुपमध्ये आले. कुणी वाढदिवसाचा केक रद्द करून पैसे दिले, कुणी भूमिकाचे स्टिकर विकले. तीस घरांना नवी जाळी द्यायची ठरलं. शेवटचा मोठा वाटा या जर्सीच्या लिलावातून यायचा होता. अर्शद हा रोह्याचाच, कुवेतला क्रेन चालवणारा. त्याची बोली सगळ्यात वर होती. तीन लाख दहा हजार.

"सकाळी नऊला मी स्वतः पाहिली," नितेश माइकवरच बोलला. पेणच्या रामवाडीतलं खेळाच्या सामानाचं दुकान त्याचं आणि दुकानावरचा हा हॉलही त्याचाच. "पडदा घालून आतल्या खोलीत ठेवली होती. अकरा वाजता तिथं कोण गेलं होतं? बॅनरची गुंडाळी घेऊन कोण उतरलं?"

सगळ्या माना रोह्याच्या क्लबच्या फारुखकडे वळल्या. चोवीस वर्षांचा पोरगा. आठवड्यापूर्वी त्यानेच ग्रुपवर लिहिलं होतं, 'जर्सी रोह्याची, रोह्यातच राहणार.'

"मस्करी केलेली ती," फारुख म्हणाला.

"फारुख नसेल रे," कुणीतरी म्हणालं.

"असं तो करणार नाय बहुतेक," दुसरा म्हणाला.

तेवढ्यात भूमिका उभी राहिली. खुर्चीचा आधार घेऊन, गुडघा सांभाळत. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"फारुखला बोलू नका. त्याने नाही घेतली."

तिच्या मोठेपणाचं सगळ्यांना कौतुक वाटलं. तिसऱ्या रांगेत बसलेल्या रिझवानाने मात्र चष्मा काढला, पदराने पुसला आणि पुन्हा डोळ्यांवर चढवून भूमिकाकडे नीट पाहिलं.

२

रिझवाना फारुखची फुफी, म्हणजे आत्या. रोहा-अष्टमीत तिचं शिवणकामाचं दुकान. चोपन्न वर्षांची, एकटी, बोलायला कमी. कापड बघून माणूस ओळखते, अशी तिची ख्याती. एकदा लग्नघरातून गेलेला शालू तिने नुसत्या फॉलच्या टाक्यावरून शोधून दिला होता. तेव्हापासून लोक कापडाच्या भांडणाबरोबर दुसरी भांडणंही तिच्याकडे आणत.

हॉल रिकामा झाला तेव्हा नितेश तिला म्हणाला, "चाची, तुमचा मान ठेवतो. उद्या संध्याकाळपर्यंत थांबतो. मग पोलिसात नाव देणार."

फारुखचे कागद नोकरीसाठी आखातातल्या, दोह्याच्या कंपनीत गेले होते. पुढच्या महिन्यात जायचं होतं. पोलिसात नाव गेलं असतं तर ती नोकरी तिथंच संपली असती.

"फुफी, तुझ्या गळ्याची शपथ..."

"शपथ नको घालू. मला ती खोली दाखव."

आतल्या खोलीला एकच दार होतं आणि खिडकीला जाळी. चौकट भिंतीला टेकवलेली होती. रिझवानाने मागचा पुठ्ठा काढला. जर्सी हलू नये म्हणून ती पुठ्ठ्यावर आठ ठिकाणी टाके घालून बसवली होती. आठही टाके कापलेले होते. पुठ्ठा कुठेही फाटला नव्हता, निळा धागासुद्धा कुठे अडकलेला नव्हता. जमिनीवर शिलाईची कात्री पडली होती.

"ही माझी," दारातून वैशाली म्हणाली. वैशाली पेणच्या शाळेत शिकवायची आणि पेणच्या क्लबचं सगळं कामकाज तीच बघायची. "सकाळभर मी इथंच होते, रिझवानाताई. तेल पुसायला जुने कपडे जमवले ना आपण, ते पोत्यांत भरत होते. अकरा पोती झाली. एक वाजता क्लबच्या अक्षयच्या टेम्पोतून भालखारला गेली."

"सकाळभर म्हणजे, उठलीच नाहीस?"

"फारुख बॅनर न्यायला आला तेव्हा मी समोरच होते, पण फोनवर होते. मग साडेअकराला खाली गेले, पाहुण्यांच्या नाश्त्याचं बघायला. वीस-पंचवीस मिनिटं. तेव्हा ताई इथं बसल्या होत्या, फोटोंवर सह्या करत. पुन्हा पुन्हा जिना चढवत नाही ना त्यांना, म्हणून चहाही इथंच दिला. नितेश मध्ये एकदा वर येऊन गेला."

"आणि तू स्वतः?"

वैशालीने ओठ आवळले. "माझ्यावरही संशय घ्या. घ्यायलाच पाहिजे. माझी पर्स तपासा, स्कूटरची डिकी तपासा."

"बाई, मी तपासत नाही, विचारते. ही जर्सी पुठ्ठ्यावर कुणी बसवली?"

"ताईंनी स्वतः. घरून बसवूनच आणली. नितेश म्हणत होता, तो शिवलेला खांदा समोर दिसू दे, लोक तेच बघायला येणार. पण ताईंनी तोच खांदा आत दुमडला होता. म्हणाल्या, नंबर चांगला दिसतो."

रिझवानाने कापलेल्या टाक्यांवरून बोट फिरवलं.

३

नितेश दुकानात बसला होता. त्याच्या पाठीमागे छतापर्यंत जर्स्या रचलेल्या होत्या, लाल, पिवळ्या, निळ्या.

"मला विचारताय?" तो म्हणाला. "चाची, ताईसाठी मी काय केलं नाय! दुकानाला नाव तिचं दिलं. जर्सीची आयडिया माझी. खाडीकाठच्या बायांची मीटिंग होती, ताई पाहुणी म्हणून आलेली. मी माइक घेतला आणि जाहीर करून टाकलं, आमची ताई फायनलची जर्सी देणार! बाया रडल्या हो. त्यांच्यातल्या मालूबाईने ताईचे हात धरले."

"तिला आधी विचारलं होतंस?"

"ताई नाय म्हणणारच नव्हती."

"म्हणजे विचारलं नव्हतंस."

नितेशने एक जर्सी काढून उगाच पुन्हा घडी केली. मग एकदम म्हणाला, "तुम्ही भाच्याला वाचवायला बघताय. मला कळतं."

"व्हय, बघतेय," रिझवाना म्हणाली. "म्हणून तर नीट बघतेय."

बाहेर आल्यावर तिने फारुखला विचारलं, "आज त्या खोलीतून माणसं सोडून काय काय बाहेर गेलं?"

"माझा बॅनर. चहाचे कप." तो आठवू लागला. "आणि पोती."

"पोत्यांची तोंडं कधी शिवली?"

वैशालीला फोन लावला. दहा पोती तिने खाली जायच्या आधी शिवली होती. अकरावं अर्धं भरलेलं होतं. खालून परत आल्यावर ते तिने वरच्यावर दाबून शिवून टाकलं, आत न बघता.

४

सकाळी रिझवाना आणि फारुख भालखारला पोचले तेव्हा ओहोटी होती. चिखलावर काळी चकाकणारी साय धरली होती, आणि वास असा की पहिल्या मिनिटाला डोकं धरावं. गुडघ्यापर्यंत साड्या खोचलेल्या बाया होड्यांच्या फळ्या पुसत होत्या.

मालू त्यांची म्होरकी. साठीची, काटक, हात कोपरापर्यंत काळे.

"कापडं चांगली धाडली गो तुमी," ती म्हणाली. "जुनी लुगडी, चादरी. सुती कापड तेल शोसून घेतं. पण त्यात चकचकीत कापडं बी व्हती, ती काय कामाची नाय. पुसाय गेलं तर तेल पसरतंय नुसतं. ती बाजूला टाकल्यान. पोरांना व्हतील घालाय."

"कुठं टाकलीत?"

मालूने शाकारलेल्या पडवीकडे बोट केलं. तिथे नायलॉनच्या साड्या, झुळझुळीत ओढण्या, एक रेनकोट असा ढीग होता. फारुखने दोन्ही हात घातले. तिसऱ्या ओढणीखाली निळं काहीतरी लागलं. त्याने ओढलं. पाठीवर अकरा आकडा होता.

"मिळाली! फुफी, मिळाली!" त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "आता फोन करतो नितेशला, आता सांगतो त्याला..."

"थांब."

रिझवाना जर्सीचा उजवा खांदा उलटा करून उन्हात धरून बसली होती. शिवण पाहिली, पुन्हा पाहिली, मग डावा खांदाही पाहिला.

"ही ती जर्सी नाय," ती म्हणाली.

"अगं, अकरा नंबर, घरतचं नाव..."

"फारुख, त्या दिवशी मध्यंतरात ती फाटकी जर्सी घेऊन टीमची बाई कुणाकडे पळत आली होती? मैदानासमोर तेव्हा दुकान कुणाचं होतं? निळं रीळ संपलेलं. मी हिरव्या दोऱ्याने शिवली, पाच मिनिटांत, वेडीवाकडी. इथं हिरवा दोरा नाय, आणि दोरा उसवल्याची भोकंही नाय. हा खांदा कधी फाटलेलाच नाय."

५

परतीच्या रिक्षात फारुखने विचारलं, "म्हणजे कुणीतरी खरी काढून खोटी पोत्यात टाकली?"

"मग खरी काढून तिच्या जागी खोटी चौकटीत लावून ठेवली असती. रिकामी कशाला ठेवेल?" रिझवाना म्हणाली. "चौकटीत होती ती हीच. आता बघ. नितेशला जर्सी लपवायची असती तर त्याच्या दुकानात शंभर जर्स्या आहेत, त्यांत एक सरकवली की झालं. वैशालीकडे पर्स आहे, स्कूटर आहे. तुझ्याकडे बॅनर होता. तुम्हा तिघांना पोत्याची गरजच नव्हती. पोतं कुणाला लागलं? जिला हातात काही घेऊन त्या खोलीबाहेर पाऊल टाकता येत नव्हतं. बाहेर पडली की दहा जण सेल्फीला येतात, पर्स धरतात, हात धरतात, जिना उतरवतात."

फारुख तिच्याकडे बघतच राहिला.

"नाय फुफी. ताई नाय."

"खांदा आत कुणी दुमडला? आणि काल सगळे काय म्हणत होते आठव. फारुख नसेल, बहुतेक नसेल. ती एकटीच म्हणाली, त्याने नाही घेतली. ज्याला माहीत असतं तोच 'नाही' म्हणतो रे. बाकीचे 'नसेल' म्हणतात."

फारुखने रिक्षाचा दांडा घट्ट धरला. मग म्हणाला, "तिने माझ्यासाठीच तोंड उघडलं ना पण."

"व्हय. म्हणून तर मी आधी तिच्याकडे चाललेय, नितेशकडे नाय."

६

जिते स्टेशनपासून भूमिकाचं घर दहा मिनिटांवर. दार तिच्या आईने, शांतीबाईंनी उघडलं. भूमिका पलंगावर गुडघ्याला शेक घेत बसली होती. रिझवानाच्या हातातली जर्सीची पिशवी बघितली आणि तिने शेकाची पिशवी बाजूला ठेवली.

"मी आज येणारच होते," ती म्हणाली. "फारुखचं नाव पोलिसात जाणार म्हणून कळलं. रात्रभर झोप नाही."

"खरी कुठंय, भूमिका?"

भूमिकाने आईकडे पाहिलं. शांतीबाई आत निघून गेल्या.

"पोपट सरांच्या अंगावर गेली."

पोपट सर म्हणजे तिचे पहिले गुरू. स्टेशनमागच्या शेतात, भात कापणीनंतरच्या फुफाट्यात त्यांनी तिला कबड्डी शिकवली. कधी एक पैसा घेतला नाही. घरचं कुणी नव्हतं. चार वर्षांपूर्वी ते गेले तेव्हा खांदा द्यायला सहा माणसं होती, आणि त्यांतली एक भूमिका होती.

"पांढरं कापड घातलं होतं अंगावर. मला ते बरं वाटेना. मी घरी आले, जर्सी काढली आणि त्यांच्यावर घातली. कुणाला सांगायचं होतं त्यात? माझं आणि त्यांचं होतं ते." तिने श्वास घेतला. "मग त्या मीटिंगमध्ये नितेशने माइकवर सांगून टाकलं. समोर मालूबाई. तिने माझे हात धरले, तिचे हात काळे होते, धुतले तरी निघत नव्हते. नाही कसं म्हणू, आपा? प्रत्येकीला दोन जर्स्या मिळतात. ही दुसरी. फायनलच्या दिवशी घरी राहिली होती, म्हणून तर फाटकी शिवावी लागली. मला वाटलं, दहा-पंधरा हजार येतील, माझीच तर आहे."

"मग आकडा वाढला."

"तोही चालला असता कदाचित. पण काल सकाळी मी सह्या करत होते आणि अर्शदभाईंचा मेसेज आला." तिने फोन पुढे केला.

रिझवानाने वाचलं. 'ताई, या वर्षी सुट्टीवर येत नाय. तिकिटाचे आणि सुट्टीचे पैसे यात घालतोय. सिदरा रुसली आहे, पण मोठी झाली की तिला ही जर्सी दाखवेन, मग समजेल.'

"दोन वर्षांनी घरी यायचा होता तो," भूमिका म्हणाली. "लेकीने दिवस मोजलेत. आणि मी त्याला काय विकत होते? समोर कात्री पडली होती. काढली, पण बाहेर कशी नेऊ? जिन्यात माणसं. म्हणून पोत्यात दाबली. वाटलं, जर्सीच नाही तर लिलाव नाही, कुणी फसणार नाही. फारुखचं नाव येईल असं मनातही आलं नव्हतं."

"आलं तेव्हा तरी सांगायचं होतंस."

"तीनशे माणसं 'ताई, ताई' करत होती, आपा."

रिझवानाने पिशवी तिच्या मांडीवर ठेवली. "तू सांगशील की मी सांगू?"

"मी सांगते," भूमिका म्हणाली. "तुम्ही फक्त जिन्यात बरोबर असा."

७

संध्याकाळी त्याच हॉलमध्ये तिने सगळं सांगितलं. माइक घेतला नाही. आवाज मागे पोचत नव्हता, तरी कुणी 'मोठ्याने' म्हणालं नाही.

सांगून झाल्यावर काही जण उठून गेले. एकाने जाता जाता ग्रुपवर 'खोटारडी' लिहिलं, आणि तो शब्द तिथं बसलेल्यांच्या शेकडो फोनांवर एकदम उमटला. भूमिकानेही ते वाचलं. "बरोबर आहे त्याचं," ती म्हणाली.

नितेश भिंतीला टेकून उभा होता. त्याने आधी फारुखकडे पाहिलं, मग त्याच्यासमोर येऊन उभा राहिला. "माइकवर तुझं नाव घेतलं मी. माफी पण माइकवरच मागतो." आणि त्याने मागितली. मग भूमिकाकडे वळून, माइक खाली ठेवून, हळूच म्हणाला, "ताई, मी विचारायला पाहिजे होतं."

अर्शद पडद्यावर होता. त्याच्या मागे कामगारांच्या खोलीतली लोखंडी खाट दिसत होती. त्याने फोन चेहऱ्याजवळ आणला.

"म्हणजे खरी सरांबरोबर गेली," तो शेवटी म्हणाला.

"हो, अर्शदभाई."

"मग ती विकायची नव्हतीच." त्याने तोंडावरून हात फिरवला. "मी बोली मागे घेतो, ताई. राग नाय. तिकीट काढतो. जाळ्यांसाठी पंधरा हजार पाठवतो, तेवढे घ्या."

तीस घरांऐवजी बारा घरांना पुरतील एवढे पैसे उरले. भालखारला हे कुणी सांगायचं, असा प्रश्नच आला नाही. दुसऱ्या दिवशी भूमिका स्वतः गेली. रिझवाना बरोबर होती, आणि न बोलावता दोन्ही क्लबची दहा-बारा पोरं मागून आली, जुनी बनियनं घालून.

मालूने सगळं ऐकून घेतलं. बाया काम थांबवून उभ्या होत्या.

"बारा व्हय?" मालूने बायांकडे पाहिलं. कुणीतरी मान हलवली, मग दुसरीने. "बारा तर बारा. एका जाल्यावर दोन-तीन घरं जातील. आमी काय पयल्यांदा वाटून खातो गो?" मग तिने भूमिकाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तुज्या पायाला खाली बसाय व्हतं का?"

"नाही होत, मावशी."

मालूने एक घमेलं पालथं घातलं आणि तिला त्यावर बसवलं. हातात जाळ्याचं एक टोक दिलं, दुसऱ्या हातात जुन्या लुगड्याचा तुकडा. पुसायचं कसं ते दाखवलं, गाठीपासून गाठीपर्यंत, दाबून, ओढायचं नाही. नितेश आणि फारुख एकाच फळीच्या दोन टोकांना बसले होते.

थोडा वेळ नुसता कापडाचा आवाज येत राहिला. मग मालूने मान वर न करता विचारलं, "तुजे ते सर. कोण व्हते गो ते? काय करीत?"

सात वर्षं लोकांनी भूमिकाला फक्त त्या चढाईबद्दल विचारलं होतं. तिने लुगड्याचा तुकडा मांडीवर ठेवला. मग म्हणाली, "स्टेशनवर भजी विकायचे, मावशी. आणि दुपारची गाडी गेली, की आम्हाला शिकवायचे." तिला आणखी आठवलं. त्यांची सायकल, त्यांची शिट्टी, हरलेल्या पोरीला ते आधी भजी कशी द्यायचे आणि मग कशी शिवी द्यायचे. बाया हसल्या. एकीने विचारलं, मुली कमी पडल्या तर? भूमिकाने तेही सांगितलं. सांगता सांगता भरती चढली, पाणी पायांशी आलं, तशी मालूने तिला हात देऊन उठवलं, घमेलं उचललं आणि चार हात मागे नेऊन ठेवलं.

"हितं बस," ती म्हणाली. "मंग? पुढं काय झालं?"